मुलीला मेकॅनिकल की बीएड?

(वाळवा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. घरच्यांना वाटतं, बीएस्सी-बीएड करावं, म्हणजे सासरी घर सांभाळून नोकरी होईल.)

सप्रेम नमस्कार.

विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं तेव्हा लेक मेकॅनिकशेजारी बसून बघत होती आणि पुढच्या वेळी तिने स्वतःच ते बदललं, हे तुम्हीच कौतुकाने लिहिलंय. त्याच्याच खाली लिहिलंय, 'पण मुलीच्या जातीला शिक्षकीच बरी.' माझं मत स्पष्ट आहे : तिला मेकॅनिकलला जाऊ द्या.

शिक्षकी सोपी आणि खात्रीची, हे आता राहिलेलं नाही. पदवी, बीएड, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि मग शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर जाहिरातीची वाट. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ साली झाली! शिकवण्याची ओढ असलेल्याने ही वाट जरूर धरावी. तुमच्या लेकीला ती ओढ नाही.

राहिलं 'घर सांभाळून'. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. बाई शिक्षिका झाली म्हणून हे ओझं हलकं होत नाही, घरातल्या पुरुषाने हात लावला तरच होतं. धाकटा दहावीत आहे म्हणता. त्याची शाखा ठरवताना त्याच्या होणाऱ्या बायकोच्या सोयीचा विषय निघाला का? त्याला कुकर लावायला आणि स्वतःचे कपडे धुवायला आजपासून शिकवा. तुमच्या होणाऱ्या जावयाकडूनही हीच अपेक्षा ठेवा आणि स्थळ बघताना ती बोलून दाखवा.

कारखान्यात शिफ्ट असतात, हे खरंय. पण डिझाइनसारख्या खात्यांत बहुधा दिवसपाळीच असते. बाळंतपणाला कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोयही बंधनकारक आहे. मुलाखतीत तिने याबद्दल बिनधास्त विचारावं.

फीची काळजी लिहिलीत. तुम्ही ओबीसी आहात, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या अशा मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर नाही, तेव्हा त्या फंदात पडू नका. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेयरचा दाखला आताच काढून ठेवा, निकालानंतर गर्दी उसळते. सीईटीचे गुण आले की पर्याय भरताना कराडचं शासकीय अभियांत्रिकी आणि सांगलीचं वालचंद ही महाविद्यालयं वर ठेवा. फॉर्म मात्र तिलाच भरू द्या.