बोलेरोचा पॉवर स्टेअरिंग पंप घरी बदलण्याआधी ऑइल कुठून जातंय ते शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाव दारव्हा तालुक्यात, घरी जुनी बोलेरो, आणि बाजार समितीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्याला तीच एक गाडी. सकाळी चालू केली की पुढून हुंकारल्यासारखा आवाज येतो, जागेवर वळवताना स्टेअरिंग जड जातं आणि पॉवर स्टेअरिंगच्या टाकीत ऑइल टाकत राहावं लागतं. मिस्त्री म्हणतो पंप गेला, पाईपांसकट सगळं बदला. तुम्हाला ते घरीच करायचं आहे.

करता येतं. पान्यांचा बरा संच, गाडीखाली झोपायची तयारी आणि गाडी लागणार नाही असा एक अख्खा दिवस असला की झालं. पण पंप मागवायची घाई करू नका. तुम्ही जे सांगितलं त्यात पंप गेल्याचा पुरावा अजून नाही. मूळ दुखणं ऑइल कमी होण्याचं आहे. आवाज आणि जडपणा बहुतेक वेळा त्याच्या मागून येतात. हे पंप सहसा आपणहून मरत नाहीत, ऑइलविना किंवा हवा खाऊन मरतात. गळती तशीच ठेवून नवा पंप बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल.

आधी रचना डोक्यात बसू द्या. पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. टाकीतून जाड, मऊ रबरी पाईपने ऑइल ओढतो, तो सक्शनचा पाईप. पंपातून निघालेलं ऑइल दाबाच्या पाईपने चाकं वळवणाऱ्या स्टेअरिंग बॉक्सकडे किंवा रॅककडे जातं, तुमच्या मॉडेलला जे असेल तिकडे. तिथून परतीच्या पाईपने ते पुन्हा टाकीत येतं. सक्शन आणि परतीला दाब जवळजवळ नसतो, म्हणून तिथे साध्या क्लिपा चालतात. दाबाच्या पाईपचं मात्र वेगळं आहे. टायरमध्ये आपण 30 पीएसआयच्या आसपास हवा भरतो. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं की या पाईपात 1000 पीएसआयच्या वर दाब जातो. पुढचं सगळं वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

आता शोध. आपल्याकडे पांदण रस्त्याची काळी माती आणि गळालेलं ऑइल मिळून इंजिनखाली असा थर बसतो की गळती नेमकी कुठची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. थंड इंजिनवर अल्टरनेटरला प्लास्टिक बांधा आणि पंप, पाईप, बॉक्स हे सगळं ब्रश आणि थोड्या डिझेलने खरवडून काढा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. डिझेलचा ओलावा राहिलेला असताना गाडी चालू करू नका. वाळल्यावर सगळ्या जोडांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकांना दगड. घरच्या कोणाला तरी स्टेअरिंगवर बसवून, इंजिन चालू करून हळूहळू डावी-उजवी करायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर लालसर ओल उमटते, ती लपत नाही.

पण दाबाच्या पाईपवरून बोट फिरवून गळती शोधू नका, हे मी जीव तोडून सांगतो. बारीक छिद्रातून एवढ्या दाबाने आलेलं ऑइल कातडी भेदून आत जातं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण ते थेट मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनचं प्रकरण असतं. संशय असेल तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरा. हात आणि सैल बाह्या पट्ट्यापासूनही लांब ठेवा.

ऑइल कुठे दिसतं त्यावर निदान ठरतं. पुलीच्या मागून निघून आजूबाजूला गोल शिंतोडे उडाले असतील तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलं. दाबाच्या पाईपला रबर जिथे लोखंडी टोपीत दाबून बसवलेलं असतं, तिथे घामासारखे थेंब जमत असतील तर पाईप संपला. बँजो बोल्टपाशी, म्हणजे पाईपचं गोल टोक पंपाला धरणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, ओल असेल तर अनेकदा फक्त तांब्याची वायसरं बदलून भागतं. ओल बॉक्सच्या खालच्या टोकाला असेल, किंवा रॅकच्या रबरी बुटात ऑइल साचलेलं असेल, तर पंप बदलून काहीच फरक पडणार नाही. सील किटचं ते काम घरी करू नका.

हवा शिरण्याची जागा मात्र अशी दिसत नाही. विहिरीवरच्या मोटरच्या सक्शन पाईपला चीर गेली की मोटर हवा धरते, पाणी सोडते, पण चिरेतून थेंबही गळत नाही. इथेही तसंच. सक्शनचा पाईप टाकीच्या किंवा पंपाच्या तोंडाशी कडक झाला, क्लिप सैल पडली किंवा तिथली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झाली की इंजिन चालू असताना बाहेर काही सांडत नाही, पंप आत हवा ओढतो. टाकीचं झाकण उघडून बघा. गाडी चालू असताना ऑइल फेसाळून गुलाबी-दुधट दिसत असेल तर तुमचा हुंकार तिथून येतोय. वर फेस उतू जाऊन टाकीच्या तोंडातून ऑइल बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं कुठेतरी मोठी गळती आहे. मेच्या उन्हात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, त्यात इंजिनची धग. रबर अंगठ्याने दाबून बघा. दबून परत वर आलं पाहिजे. लाकडासारखं लागलं किंवा वाकवताना भेगा दिसल्या तर तो पाईप बाद. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, सुगीच्या दिवसांत घरात धान्य आलं की गाडीतही त्यांचा मुक्काम असतो.

टाकीतल्या ऑइलचे दोन थेंब स्टीलच्या ताटलीत घेऊन उन्हात धरा. लाल आणि आरपार दिसणारं असेल तर चांगलं. तपकिरी असेल, जळका वास येत असेल तर बदलायला झालं. आणि ताटली हलवल्यावर त्यात चंदेरी कणी चमकली तर पंप आतून खरवडला गेलाय. हा खरा पुरावा. मग मिस्त्रीचं बरोबर, पंप बदलाच. पण त्या कण्या पाईपांत आणि टाकीतही गेलेल्या असतात, म्हणून सगळं धुतल्याशिवाय नवा बसवू नका. पुष्कळ टाक्यांत तळाला जाळी असते. ती गाळाने भरली की पंपाला ऑइल पुरत नाही आणि तो ओरडतो. जाळी निघत नसेल तर टाकीच बदला, पंपाच्या मानाने स्वस्त पडते.

पट्टाही बघा. ढिला किंवा चकाकी आलेला पट्टा टोकाला वळवताना किंचाळतो आणि स्टेअरिंग मध्येच जड होतं. पुढच्या टायरांत हवा कमी असली तरी जडच लागतं. हे पाहायला पाच मिनिटं लागतात, तरी लोक पंप मागवून मोकळे होतात.

समजा पंप आणि पाईप बदलायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी सगळ्या गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी पाईपांचे फोटो काढा, कोणता कुठून गेलाय आणि कुठे वाकलाय ते दिसेल असे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढचा भाग उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. अंगण मुरमाचं असलं तरी जॅक आणि घोडीखाली जाड फळ्या द्या. काळ्या मातीवर हे काम करूच नका, वरून टणक दिसते आणि वजन आलं की एका बाजूने खचते.

खाली घमेलं ठेवून परतीचा पाईप सोडा आणि ऑइल निथळू द्या. दाबाच्या पाईपच्या नटाला साधा उघडा पाना लावला तर कोपरे गोल होतात. पाईपवरून आत सरकवता येणारा, फट असलेला रिंग पाना मिळतो, तोच वापरा. जिथे दोन नट समोरासमोर असतील तिथे एक पान्याने धरून दुसरा सोडा, नाहीतर पाईपच पिळला जातो. सुटलेलं प्रत्येक तोंड लगेच प्लास्टिक आणि रबरबँडने बांधा. पंपाचं काम कापूस भरलेल्या ओसरीत करू नका आणि पुसायला तंतू सुटणारी चिंधी घेऊ नका. एक तंतू व्हॉल्व्हमध्ये अडकला की स्टेअरिंग एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागू शकतं.

नवा पंप जुन्याशेजारी ठेवून पुली, बोल्ट बसायचे कान आणि पाईपांची तोंडं जुळवा. पुली जुनीच बसवायची असेल आणि ती दाबून बसवलेली असेल तर पुलरने, म्हणजे पुली ओढून काढायच्या हत्याराने, काढा. नव्या पंपावर चढवतानाही हातोडा मारू नका, शाफ्टला धक्का बसला की नव्या पंपाचं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. तांब्याची वायसरं नवी, बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक. ओ-रिंग नवी, ऑइल लावून. क्लिपाही नव्या. टेफ्लॉन टेप आणि एम-सील या कामात कुठेच नको, त्यांचे तुकडे आत जातात. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यात बसवा, मग आवळा.

दाबाच्या पाईपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फुटलेला भाग कापून मध्ये नळी घालायची आणि दोन क्लिपा मारायच्या, हा जुगाड त्या 1000 पीएसआयपुढे टिकत नाही. भर वळणावर सुटतो, आणि ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडलं तर आग लागू शकते. कंपनीचाच पाईप घ्या. मिळायला उशीर लागत असेल तर यवतमाळ-अमरावतीकडे जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाईप मशीनवर दाबून देणारे आहेत. तुमची जुनी टोकं नेली तर तसा पाईप करून मिळू शकतो. दाब आणि उष्णता दोन्ही सोसणारा माल मागा. तरी मी त्याला तात्पुरताच मानतो. मूळ पाईप दाबाखाली किंचित फुगून पंपाचे ठोके गिळतो, जेसीबीचा कडक पाईप ते करत नाही आणि आवाज वाढतो. सक्शन आणि परतीला ऑइल सोसणारा रबरी पाईपच लागतो. फवारणीची किंवा पाण्याची नळी ऑइलने फुगून मऊ पडते.

ऑइल कोणतं ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. अशा बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, पण पाहूनच घ्या. दोन लिटर आणून ठेवा, धुण्यातच बरंचसं जातं. घरात ट्रॅक्टरचं ऑइल पडलंय म्हणून ते ओतू नका. ब्रेक ऑइल तर अजिबात नाही, त्याने आतली सगळी सीलं फुगून सडतात.

पट्टा चढवण्याआधी पंपात ऑइल भरून पुली हाताने फिरवा, कोरडा पंप कधी चालू करू नका. मग पट्टा. मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 मिलिमीटर दबला पाहिजे. आता धुणं. टाकीचं परतीचं तोंड बुचाने बंद करा, परतीचा पाईप बाटलीत सोडा, टाकी भरा. चाकं अधांतरी आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवत राहा. दुसऱ्याने टाकीत ऑइल घालत राहायचं. बाटलीत स्वच्छ लाल ऑइल येईपर्यंत हे चालू द्या. यावेळी इंजिन चालू केलं तर टाकी काही सेकंदांत रिकामी होऊन नवा पंप कोरडा पडेल.

पाईप जोडल्यावर हवा काढायची तीही आधी इंजिन बंद ठेवूनच. पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत, टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, ऑइल घालत. मग बॅटरी जोडून इंजिन चालू करा, रेस देऊ नका, आणि टोकाच्या थोडं अलीकडेपर्यंत डावी-उजवी करा. टोकाला दाबून धरू नका. फेस आला तर बंद करा, अर्धा तास थांबा, पुन्हा करा. इथे घाई केली की लोक म्हणतात नवा पंपही आवाज करतो. हवा निघाल्यावर चाकं खाली घ्या, गावातल्या गावात फेरी मारा, ऑइलची पातळी बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जोड परत टॉर्चने तपासा. फक्त पंप आणि पाईप बदलले तर चाकांच्या अलाइनमेंटची गरज नसते.

जुनं ऑइल धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्या.

तोवर गाडी वापरायचीच असेल तर निघण्याआधी रोज टाकी बघा आणि सोबत ऑइलची बाटली ठेवा. ऑइल सायलेन्सरच्या नळीवर पडत असेल तर मात्र दवाखान्यालाही दुसऱ्याची गाडी मागा.

धुतल्यानंतर ओल कुठे उमटली, टाकीत फेस आहे का, ताटलीत कणी दिसली का आणि गाडी कोणत्या सालची, एवढं कळवा. पंपाची पुली दिसेल असा फोटोही टाका, म्हणजे पुलर लागेल की नाही ते सांगतो.