आधी ऊन बघ

अगं पोरी,

रात्री दीडचा तुझा मेसेज वाचला. ‘टेक्सास चेन सॉ मॅसकर’ या हॉरर सिनेमासारखा लूक हवाय, ग्रेनचं, म्हणजे फिल्मसारखे दाणे आणणारं, कुठलं प्लगइन घेऊ, रंग बदलायला कुठला लट (LUT) टाकू. खरं सांगतो, आधी चिडलोच. पण तुझ्या क्लिपमध्ये सुरुवातीला दोन सेकंद ओसरीवरचं ऊन दिसलं, आणि पुढे तू पडदे ओढून, दोन एलईडी लावून त्याचा जीव घेतलास, म्हणून लिहायला बसलो. आधी ऊन बघ.

१९७३ चा टेक्सासचा उन्हाळा. त्या सिनेमाचा दिग्दर्शक टोबी हूपर आणि डॅनियल पर्ल नावाचा विशीतला कॅमेरामन. ३५ एमएमची फिल्म परवडत नव्हती म्हणून तिच्याहून अरुंद १६ एमएम, त्यात फिल्मचा स्टॉक २५ एएसएचा एक्टाक्रोम, म्हणजे प्रकाशाला इतका मंद की घरात दिवे ओतल्याशिवाय काही उमटायचंच नाही. तो जेवणाच्या टेबलाचा सीन आठव, बाहेर उकाडा, खिडक्या झाकलेल्या, आत दिव्यांची भट्टी, टेबलावरचं मांस सडलेलं आणि शूट चोवीस तासांच्या वर चाललेलं. तो घाम कुणी स्प्रे केलेला नव्हता गं! आणि ग्रेन म्हणशील तर १६ ची छोटी फ्रेम ३५ वर ब्लो-अप, म्हणजे मोठी करून छापल्यावर तो आपोआप आणखी जाड झाला.

आणि ती झोपाळ्याची फ्रेम परत बघ, दहा वेळा बघ. कॅमेरा झोपाळ्याखालून, जमिनीलगत, मुलीच्या पाठोपाठ निघतो, वर निळंशार आभाळ, आणि घर मोठं मोठं होत ते आभाळ खाऊन टाकतं. भरदुपार, सगळं स्वच्छ दिसतंय, तरी पोटात गोळा येतो. म्हणून म्हणतो, ऊन बघ.

मीही हेच केलं होतं म्हणून जळतं. कोकणात एका टेलिफिल्मला होतो, भुताचीच. दुपारी तीनला स्वयंपाकघरात कौलाच्या फटीतून कवडसा यायचा, बरोबर पाट्यावर, त्यात चुलीचा धूर वळवळायचा. निर्माता म्हणाला हॉरर आहे ना, मग अंधार कर. मी मान डोलावली, फट गोणपाटाने बुजवली, दिव्यांना निळे जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावले. आज ते फुटेज बघवत नाही. त्यानंतर लोकेशनला एक अख्खा दिवस बसल्याशिवाय लाइट लावणार नाही म्हटलं, त्यात तीन कामं हातची गेली. घरचे म्हणतात हट्टीपणा. असेल, पण त्या तिन्ही फिल्म्स मी नंतर बघितल्यात, आणि माझंच बरोबर होतं. असो, विषय तुझा आहे.

तुझी ओसरी चांगली आहे, खरंच. रविवारी कॅमेरा घरी ठेव, सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बस, दर तासाला ऊन कुठे सरकतं ते वहीत लिही, आणि त्या वहीचा फोटो मला पाठव. प्लगइन कुठलं ते मी तेव्हाही सांगणार नाहीये.

तुझा,
काका