‘चेक केलं’ मधलं ‘केलं’ गेलं की ‘ई-डी’ का गळतो?

तुम्ही विचारलंय की कुरिअरच्या ऑफिसात फोनवर इंग्रजी बोलावं लागतं, ‘ई-डी लावला की भूतकाळ’ हा नियम शाळेपासून पाठ आहे, तरी बोलताना तो ई-डी तोंडातून निघतच नाही आणि कधी निघाला तर नको तिथे निघतो. मी नर्स आहे. मराठी माध्यमातून शिकले, इंग्रजी पाचवीपासून. तुमचीच अडचण मला नोकरीच्या पहिल्या वर्षी होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे ड्यूटी बदलताना हँडओव्हर इंग्रजीत चालायचा, कारण निम्म्या मुली केरळच्या. एका सकाळी मी म्हणाले, “आय चेक द शुगर.” मला सांगायचं होतं की मी तपासली. पुढच्या सिस्टरला वाटलं, तपासायची आहे. अर्ध्या तासात आजोबांच्या बोटाला दुसऱ्यांदा सुई टोचली गेली. ते काही बोलले नाहीत, फक्त बोट दाबून धरून माझ्याकडे बघत राहिले. एक ‘ट्’ मी खाल्ला होता, तेवढाच.

असं का होतं, हे मला फार उशिरा उमगलं. आपण दिवसभर इंग्रजी क्रियापदं वापरतो, पण ‘करणे’ जोडून: चेक केलं, पॅक केलं, कॉल केला. काळ, लिंग, वचन सगळं त्या ‘केलं’वर. ‘चेक’ बिचारं जसंच्या तसं उभं असतं. इंग्रजी बोलायला लागलो की ‘केलं’ गळून पडतं आणि मागे उरतं नुसतं ‘चेक’. त्या शब्दाच्या अंगावर भूतकाळ चढलेला आपल्या कानाने कधी ऐकलेलाच नसतो. म्हणजे नियम येत नाही असं नाही, कानाला सवय नाही.

खरं तर शब्दाच्या अंगावर भूतकाळ चढवणं आपल्याला नवीन नाही. बस-बसला, चाल-चालला, लिही-लिहिला. आपला ‘ल’ आणि त्यांचा ‘ई-डी’ एकच काम करतात. उलट आपलं काम जास्त अवघड: रिपोर्ट तपासला, शुगर तपासली, रक्त तपासलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘चेक्ट’.

हो, ‘चेक्ट’. ‘चेकेड’ नाही. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण आपण स्पेलिंग वाचतो. ई-डीचे उच्चार तीन आहेत आणि ते पाठ करायची गरज नाही, कारण आपल्या शाळेच्या व्याकरणात कठोर आणि मृदू व्यंजनं आहेतच. ‘विपद् + काल’चं ‘विपत्काल’ होतं, आठवतंय? शेजारी कठोर ‘क’ आला म्हणून ‘द्’चा ‘त्’ झाला. इंग्रजीतही तसंच, फक्त तिथे आधीचा वर्ण पुढच्याला आपल्यासारखा करतो. क, प, स, श, च, फ अशा कठोर आवाजानंतर ‘ट्’: पॅक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड्’: स्कॅन्ड, कॉल्ड, डिलिव्हर्ड. आणि शब्द मुळातच ट किंवा डने संपत असेल तर दोन सारखे आवाज चिकटतील म्हणून मध्ये एक ‘इ’: कलेक्टिड, लोडिड. गळ्यावर बोट ठेवून ‘स्स्’ आणि ‘झ्झ्’ म्हणून बघा, कंपन कुठे होतं ते कळेल. कंपन असेल तर ‘ड्’.

अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 मध्ये लहान मुलांना मुद्दाम बनवलेली, कुठेच नसलेली क्रियापदं दिली आणि विचारलं, काल त्या माणसाने काय केलं? मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दांनाही शेपूट लावलं. मात्र ट-डने संपणाऱ्या शब्दांपाशी बरीच अडखळली. म्हणजे ‘लोडिड’ला तुमची जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका. आपली पोरंही ‘केलं’ शिकण्याआधी ‘करलं’ म्हणतातच की.

आता नको तिथे निघणारा ई-डी. ‘आय डिड नॉट चेक्ट’ हे थेट मराठीतून येतं. “तपासलं का?” “नाही तपासलं.” आपल्याकडे प्रश्नातही, नकारातही क्रियापद भूतकाळातच राहतं. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने उचलला, क्रियापद मोकळं: ‘डिड यू चेक?’, ‘आय डिड नॉट चेक’. एका वाक्यात भूतकाळाचं ओझं एकानेच वाहायचं, एवढं धरून ठेवा.

स्पेलिंगचं फार मनावर घेऊ नका. ‘स्टॉप’मधला पी दोनदा येतो, ‘स्टडी’च्या वायचा आय होतो, ‘प्ले’चा वाय तसाच राहतो. मेलमध्ये चूक झाली तर फोन लाल रेघ दाखवतोच. फोनवर बोलताना ती रेघ नसते. ‘गेव्ह’, ‘टुक’, ‘सेंट’ ही अनियमित मंडळी वेगळी ठेवा, पहिल्या महिन्यात दोन्हींची सरमिसळ नको.

क्रियापदांच्या रूपांचा पाठ करायचा तक्ता मात्र बाजूला ठेवा. मी रात्री बसमध्ये दिवसभराचं काम पुटपुटायचे आणि घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दहापैकी सात ई-डी गायब होते, आणि मला तर वाटत होतं मी सगळे म्हटले! एक युक्ती खूप कामी आली: क्रियापदानंतर ‘इट’ घ्यायचं. ‘पॅक्ट द बॉक्स’मध्ये ‘ट्’ दबतो, इंग्रजांच्या तोंडीही तो नीट ऐकू येत नाही. पण ‘पॅक्ट इट’ म्हणताना तो पुढच्या स्वरावर जाऊन बसतो, ‘पॅक-टिट’, आणि तुमच्याच कानाला ऐकू येतो.

तुमच्या कामातली सहा देते: पॅक्ट इट, चेक्ट इट, स्कॅन्ड इट, डिलिव्हर्ड इट, लोडिड इट, कलेक्टिड इट. तीन रात्री एवढीच म्हणा, मोठ्याने. चौथ्या रात्री स्वतःलाच विचारा, “डिड यू पॅक इट?” आणि उत्तर द्या, “येस, आय पॅक्ट इट.” प्रश्नात ‘पॅक’, उत्तरात ‘पॅक्ट’. हे न अडखळता जमलं की इथेच कळवा, पुढची सहा देईन.