सप्टेंबरमध्ये गुलाबाची पानं गळून फांद्या काळ्या पडताहेत, आत्ताच छाटू का?

पुण्यात अंगणात पाच कलमी गुलाब आहेत, काळे ठिपके पडून पानं गळली, फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येताहेत, आत्ताच छाटणी करू का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता मोठी छाटणी नको. पाऊस पुरता जाऊ द्या, ऑक्टोबरचं ऊन दोन-चार दिवस लागू द्या, मग कात्री धरा.

मी एका वर्षी सप्टेंबरमध्येच सगळी झाडं छाटली. आठवड्यात परतीचा पाऊस आला, कापलेल्या टोकांतून पाणी मुरलं आणि दोन झाडं बुडापर्यंत काळी पडली. त्यातलं एक आईनं लावलेलं होतं. तेव्हापासून मी घाई करत नाही.

तोवर फक्त काळा पडलेला भाग काढा. फांदी कापल्यावर मधला गाभा बघा. तो तपकिरी दिसला तर अजून खाली कापा, पांढरा लागेपर्यंत. कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. गळालेली पानं रोज वेचून कचऱ्यात टाका, आळ्यात कुजू देऊ नका. काळ्या ठिपक्यांची बुरशी त्यातूनच परत वर चढते. पान सात-आठ तास ओलं राहिलं की ती रुजते, म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला.

ऑक्टोबरात मेलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. चार-पाच दणकट फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर, तिरका घ्या. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा, नाहीतर फांदी चेंगरते. गावठी गुलाब आणि वेल मात्र एवढे खाली आणू नका, त्यांना हलकी छाटणी पुरते.

पूर्वी छाटणीआधी मुळं उघडी करून पाणी तोडायचे. आधीच दमलेल्या झाडांना तो ताण मी देणार नाही. आळं हलकं खणून घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला, बस्स. साधारण दीड महिन्यात फुलं येतील.

एक सांगायचं राहिलं. कलमाच्या गाठीच्या खालून जोमदार कोंब आला तर त्याला नवी फांदी समजून जपू नका. तो खालच्या जंगली खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाचा असतो. माती बाजूला सारून जिथून फुटला तिथून ओढून काढा. वरून कापलात तर दुप्पट फुटतो.