विषशास्त्र शिकायचंय, पण उंदीर मारवत नाहीत

प्रश्न : आम्ही यवतमाळचे. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना इथे वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून मुलीच्या डोक्यात विषशास्त्रच आहे. ती बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण प्राण्यांवर प्रयोग करायला तिचं मन धजत नाही. शिवाय अशा चाचण्या बंद होणार असंही ऐकतो. मग या वाटेला जावं का? – एक आई

उत्तर : ताई, जरूर जावं. तिचा संकोचही तिनं जपून ठेवावा. प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या प्राणीगृहात असा माणूस हवाच असतो.

कीटकनाशकाची किती मात्रा माणसाला चालेल, हे कसं ठरतं बघा. उंदरांना ९० दिवस वेगवेगळे डोस देतात, मग रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासतात. ज्या डोसला काहीच अपाय दिसला नाही, त्याला साधारणपणे १०० नं भागतात : दहापट उंदीर-माणूस फरकासाठी, दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी. हा भागाकार मला फार प्रामाणिक वाटतो. एका जिवाला सोसलेलं दुसऱ्याला सोसेलच असं नाही : डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना सोसलं, पण ते दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत. नव्या औषधांसाठी २०२३ च्या नियमदुरुस्तीनं पेशींवरच्या, चिपवरच्या (छोट्या पट्टीवर अवयवासारख्या वाढवलेल्या पेशींच्या) पद्धतींनाही दार उघडलं. कीटकनाशकांच्या नोंदणीला मात्र प्राण्यांवरची माहिती अजून लागते. आणि नवी पद्धत खरी की खोटी, हे जुन्या माहितीशी ताडूनच कळतं. दोन्ही वाचता येणारी माणसं त्यामुळेच लागणार आहेत.

बी.एस्सी.नंतर जीवरसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करता येईल, दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये विषशास्त्राचीच एम.एस्सी. आहे. पुढे सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत पीएच.डी.चा प्रयत्न करावा. नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांचे अभ्यासक्रम मुख्यतः बी.फार्म.वाल्यांसाठी असतात, तिथे वेळ घालवू नका.

प्रवेशाआधी तिला एखाद्या फार्मसी महाविद्यालयाचं प्राणीगृह परवानगी काढून दाखवा. किती उंदीर घेणार आणि कशासाठी, हे नैतिकता समितीला पटवल्याशिवाय तिथे प्रयोग सुरू होत नाही, हे तिला तिथल्याच माणसांकडून ऐकू दे. झेब्राफिश हा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेकडचाच मासा. त्याच्या पारदर्शक गर्भाचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली धडधडताना दिसतं. रसायनाचा परिणाम तिथेही तपासतात. हे सगळं पाहूनही मन घेईना, तर पेशींची प्रयोगशाळा किंवा संगणकीय विषशास्त्र निवडावं. संख्याशास्त्राची उजळणी मात्र याच सुट्टीत सुरू करू दे, कारण कुठलीही वाट धरली तरी ते लागेलच.