एलपार सॅनवरून बूट करताना : दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूपीएन झोन झालेत का ते बघा

तुम्ही लिहिलंय की आयबीएम पॉवर सर्व्हरवरचे सगळे एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) एलपार, म्हणजे एकाच सर्व्हरचे पाडलेले स्वतंत्र भाग, सॅनवरून (बाहेरच्या स्टोरेजच्या नेटवर्कवरून) बूट करायचेत, दोन स्टोरेज बॉक्सची कोटेशनं आलीयत, आणि टेस्ट एलपारला एसएमएस मेनूत (बूट डिस्क निवडायच्या फर्मवेअरच्या मेनूत) डिस्कच दिसत नाहीये, वर स्टोरेजवाले म्हणतायत 'आमच्याकडून सगळं ओके'. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, आम्ही ह्याच उत्तरापायी फार भोगलंय.

आयओपीएसचे (सेकंदाला किती वाचन-लेखन होतं त्याचे) आकडे बाजूला ठेवा. पेजिंग सोडलं तर बूट झाल्यावर रूटव्हीजीला (एआयएक्स ज्यावर असतं त्या बूट डिस्कना) फारसं काम नसतं. बॉक्सचं फर्मवेअर, एआयएक्सची लेव्हल, व्हीआयओएस (बाकीच्या एलपारना अडॅप्टर वाटून देणारा खास एलपार) आणि स्विच हे सगळं एकत्र सपोर्ट मॅट्रिक्समध्ये आहे का बघा, आणि बूटचं लेखी घ्या, डेटा लन (बॉक्सने दिलेल्या डेटाच्या डिस्क) चालतात म्हणजे बूटही चालेल असं धरू नका.

आता मुख्य दुखणं. एनपीआयव्हीत (एकच फायबर पोर्ट अनेक एलपारनी वाटून घ्यायच्या पद्धतीत) प्रत्येक व्हर्च्युअल फायबर अडॅप्टरला दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे सॅनवरचे ओळख नंबर, मिळतात, दोन्ही सी०५०७६ ने सुरू होणारे, बहुतेक शेवटच्या अंकाचाच फरक. एक चालू असतो, दुसरा एलपार चालू असताना दुसऱ्या मशीनवर हलवायचा तेव्हाच लॉगिन होतो. आमच्याकडे झोनिंग (कुठल्या नंबरला कुठलं स्टोरेज दिसेल हे स्विचवर ठरवणं) ज्या टीमकडे होतं (नाव घेत नाही) त्यांनी साफसफाईत ते सगळे दुसरे नंबर काढून टाकले, कारण काय तर 'हे कधी लॉगिनच झालेले नाहीत'. अहो ते होणारच नाहीत! फर्मवेअर अपडेटच्या रात्री मोबिलिटीचं (चालू एलपार हलवण्याआधीचं) व्हॅलिडेशन फेल, एकही एलपार हलेना, आणि तिकिटावर उत्तर 'होस्ट साइड इश्यू', तिकीट बंद. परत उघडलं, परत तेच. शेवटी एचएमसीवरून (पॉवर सर्व्हर सांभाळायच्या कन्सोलवरून) सीएचएनपोर्टलॉगिन (chnportlogin) कमांड मारून दोन्ही नंबर मुद्दाम लॉगिन केले आणि त्यांना त्यांच्याच स्विचवर बघायला लावलं, तेव्हा कुठे झोन परत आले. अपडेटची विंडो तोवर केव्हाच हातची गेली होती. नंबर कसे चालतात हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात झोन डिलीट करायचा हक्क असूच नये, हे माझं ठाम मत.

तुमच्या टेस्ट एलपारलाही हीच कमांड वापरा, कारण एलपार बंद असेल तर स्विचवर नंबर दिसतच नाही आणि स्टोरेजवाल्यांना वाटतं तुम्ही चुकीचा दिलाय.

अजून एक, अडॅप्टर चालू एलपारला डायनॅमिकली जोडलात तर करंट कॉन्फिगरेशन प्रोफाइलमध्ये (एलपार चालू करताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये) सेव्ह करा. प्रोफाइलमध्ये तोच अडॅप्टर हाताने नव्याने टाकलात तर त्याला वेगळे नंबर मिळतात, आणि एलपार बंद करून प्रोफाइलवरून चालू केला की बूट डिस्क गायब.

व्हीआयओएस मात्र मी लोकल डिस्कवरच मिरर करून ठेवीन, सॅन पडलं तर निदान लॉगिन करून बघायला काहीतरी जिवंत पाहिजे. काही जण तेही सॅनवर ठेवतात आणि त्यांचं चालतं, पण मला पटत नाही. आणि हे सगळं एआयएक्सपुरतं बोलतोय, आयबीएम आय (आयबीएमची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) असेल तर लोड सोर्सचे (तिथल्या बूट डिस्कचे) नियम वेगळे आहेत, ते तिथल्या माणसाला विचारा.

कोटेशन फायनल करायच्या आधी दोघांकडेही डेमो मागा : एका फॅब्रिकची (सॅनच्या दोन स्वतंत्र स्विच-जाळ्यांपैकी एकाची) केबल काढून एलपार रीबूट, मग दुसऱ्या फॅब्रिकची, आणि मग चालू एलपार दुसऱ्या मशीनवर हलवून दाखवा. जो टाळाटाळ करेल त्याचा बॉक्स कितीही फास्ट असो, घेऊ नका.