वाचक विचारतात : जुन्या आउटबोर्डचे (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचे) बनावटीचे साल कसे ओळखावे?

प्रश्न : मालवणात २५ हॉर्सपॉवरचे वापरलेले जॉन्सन मशीन विकायला आहे. क्लॅम्पवरची नंबरपट्टी गायब आहे. विकणारा म्हणतो, १९९० चे. कसे पडताळावे?

उत्तर : पट्टी नसली म्हणून अडत नाही. हूड उतरवा आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेली, नाण्याएवढी धातूची गोल चकती शोधा. हा वेल्श प्लग. त्यावर नंबर ठोकलेला असतो, पण वर मिठाचे आणि रंगाचे थर चढलेले असतात. पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ करा. पॉलिश पेपर लावू नका, अक्षरे उथळ असतात, कायमची जातील. मग बोटाने खडू चोळा, नंबर उठून दिसेल.

जॉन्सन आणि एव्हिनरूड एकाच ओएमसी कंपनीची मशीन. १९८० पासून त्यांच्या मॉडेल नंबरात साल अक्षरांत लपवलेले आहे. किल्ली म्हणजे ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरे : आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस ०. समजा, नंबर ‘जे २५ आर सी डी एस’ असा निघाला. जे म्हणजे जॉन्सन (एव्हिनरूड असेल तर ई), २५ ही ताकद, आर म्हणजे दोरी ओढून चालू होणारे. शेवटचे एस हे फक्त सुधारित आवृत्तीचे अक्षर, ते मोजायचे नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. त्याच्या आधीची दोन अक्षरे सी-डी, म्हणजे ८-६, म्हणजे १९८६. मशीन खरोखर १९९० चे असेल तर त्या जागी ई-एस हवे.

१९८० च्या आधीच्या जॉन्सनवर साल सरळच लिहिलेले असते : ‘२५ आर ७६’ म्हणजे १९७६. त्याच काळातल्या एव्हिनरूडवर पाच आकडे असतात. ‘२५६०२’ मध्ये २५ ही ताकद आणि पुढचा ६ हा सालाचा शेवटचा आकडा. दशक मात्र तुम्हाला इतर खुणांवरून ठरवावे लागते. इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, पाहा. ब्लॉकच्या बाजूला वायरी निघालेला बंद काळा डबा, म्हणजे पॉवर पॅक, दिसला तर लहान मशीन साधारण १९७७ किंवा त्यानंतरचे. तो नसेल तर फ्लायव्हीलखाली (इंजिनावरच्या जड चाकाखाली) पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, असणार. फ्लायव्हील काढायचेच असेल तर पुलरचे (ते ओढून काढायच्या हत्याराचे) तीन बोल्ट मधल्या भोकांत लावा. कडेला जबडा अडकवून ओढले तर ते वाकते.

हूडवरच्या स्टिकरवर काडीचाही विश्वास ठेवू नका. हूड बदलते, स्टिकर नवे मिळतात. आणि एक लक्षात ठेवा : चकतीवरचा नंबर फक्त वरच्या इंजिनाचे वय सांगतो. खालचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा पंख्याचा भाग, दुसऱ्याच मशीनचा असू शकतो. म्हणून पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट चकतीवरच्या नंबरावरून मागवा. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतले फिरते चाक) मात्र पाय उघडून, जुना शेजारी ठेवूनच घ्या.

प्रश्न : विस्कॉन्सिनमध्ये राहतो. गराज सेलमध्ये जुने १० हॉर्सपॉवरचे जॉन्सन मिळाले. पेट्रोलच्या नळीत दोन मार्ग आहेत. नवी प्लास्टिकची टाकी जोडली, पण इंजिनाला पेट्रोल पोचत नाही.

उत्तर : पोचणारही नाही, कारण या मशीनला फ्युएल पंपच नाही. इंजिनाच्या क्रँककेसमधली (पिस्टनखालच्या बंद पोकळीतली) हवा एका मार्गाने टाकीत जाते आणि तिच्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या मार्गाने इंजिनात येते. साल काढायलाही ही मोठी खूण आहे. गियर आणि वेगळी टाकी असलेले जॉन्सन क्यूडी-१० हे मॉडेल १९४९ मध्ये आले. दोन मार्गांची नळी दिसली की मशीन साधारण पन्नाशीच्या दशकातले समजावे. तुमच्या पट्टीवर ‘क्यूडी’ आणि पुढे आकडा असेल. १० च्या पुढे आकडा जितका मोठा, तितके मशीन अलीकडचे.

मूळची लोखंडी टाकी मिळाली तर झाकणाचे रबर आधी बदला. तिथून हवा गळली की पेट्रोल थांबते. झाकण नेहमी सावकाश उघडा, आत दाबाखाली पेट्रोलची वाफ असते. टाकी मिळालीच नाही तर क्रँककेसच्या दाबावर चालणारा डायफ्रामचा पंप बसवता येतो. मात्र हवेच्या मार्गातली एकदिशा झडप काढावी लागते, नाहीतर पंपाला ढकल मिळते, ओढ मिळत नाही.

चालू करण्याआधी मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइल पाहा. त्या काळच्या कॉइलचे आवरण हमखास तडकते. तडा दिसला की कॉइल बदलायची. पॉइंटमधले अंतर ०.०२० इंच. तेलाचे प्रमाण २४:१, म्हणजे सहा गॅलन पेट्रोलला एक क्वार्ट. आजच्या सवयीने ५०:१ घातले तर साधी बेअरिंगे जातील.

प्रश्न : इंग्लंडात ब्रिटिश सीगल या कंपनीचे आउटबोर्ड मिळाले आहे. नंबराच्या शेवटी ‘जी जी ७’ आहे. साल कोणते?

उत्तर : जुलै १९७७. ए ते एम ही महिन्यांची अक्षरे, त्यात आय वगळलेला. अक्षर एकदाच असेल तर साठीचे दशक, दोनदा असेल तर सत्तरीचे. या मशीनला तेल १०:१ लागते, धूर येणारच. खाली गियरमध्ये १४० नंबरचे जाड तेल घाला. ते पाणी मिसळून पांढरट झालेले दिसले तर घाबरू नका, सीगलच्या गियरबॉक्समध्ये पाणी शिरतेच. काढून नवे भरा.